फुप्फुसाला जुगाड चालत नाही

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे आसपासच्या वाड्या-तांड्यांचे गाव. बाजार, बँक, दवाखाना, शाळा यासाठी माणसे इथे येतात आणि येताना बिघडलेल्या वस्तूही घेऊन येतात. चार्ज न होणारी टॉर्च, बंद पडलेला मोबाइल, फवारणीचा बॅटरी पंप. अशा गावातला दुरुस्ती करणारा माणूस काहीही फेकून देत नाही. एका वस्तूतला भाग काढून दुसरीत बसवणे ही त्याची रोजची कला असते. मराठवाड्याच्या या टोकाला नवी वस्तू महाग आणि मोठे शहर लांब, त्यामुळे जुगाड हा इथे चेष्टेचा नव्हे तर कौतुकाचा शब्द आहे. ते कौतुक योग्यच आहे.

मात्र हीच कला आता वेगळ्या कामासाठी वापरण्याची कल्पना मोबाइलच्या पडद्यावरून गावोगावी पोहोचते आहे. जुनी बॅटरी, थोडी तार, थोडा कापूस आणि कसला तरी द्रव घेऊन ई-सिगारेट घरीच कशी जुळवायची, हे दाखवणारे व्हिडिओ कोणत्याही शाळकरी मुलाला सापडतात. दुकानात मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, मग घरीच करू, असा सरळ हिशेब मुले करतात. त्यात व्यसनापेक्षा 'करून तर बघू' ही ओढच अनेकदा जास्त असते. म्हणून या विषयावर केवळ रागावून भागणार नाही. या जोडणीतला प्रत्येक भाग शरीरात काय करतो, हे मुलांना, पालकांना आणि दुकानदारांना समजेल अशा भाषेत सांगावे लागेल.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या यंत्रातून निघते ती पाण्याची वाफ नसते. तापलेल्या तारेवर द्रव उडतो आणि लगेच थंड होऊन त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगतात. शास्त्रीय भाषेत त्याला एरोसोल म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तो फवारा असतो, पंपाच्या नोझलमधून निघतो त्याहून कितीतरी बारीक. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६५ साली धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळवले होते, पण ती बाजारात चालली नाही. आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने विकसित केली. तेव्हापासून तिच्या बॅटरीत, तारेत आणि द्रवात अनेक बदल झाले. त्यातले बरेचसे बदल कोणाच्या तरी भाजण्यातून किंवा आजारातून शिकलेले आहेत. घरी जुळवलेल्या यंत्रात नेमके तेच शहाणपण नसते.

पहिला प्रश्न बॅटरीचा. लॅपटॉप, पॉवर बँक किंवा टॉर्चमधून काढलेला लिथियम-आयन सेल दिसायला साध्या सेलसारखा असला तरी स्वभावाने वेगळा असतो. तो थोड्या जागेत भरपूर ऊर्जा साठवतो. मूळ वस्तूत असताना त्याच्या जोडीला एक छोटे संरक्षक सर्किट असते. विजेचा प्रवाह फार वाढला, सेल फार तापला किंवा गरजेपेक्षा जास्त चार्ज झाला, तर ते सर्किट पुरवठा तोडते. सेल सुटा काढला की हा राखणदार बहुधा मागेच राहतो. पुढचे गणित दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तारेचा रोध कमी असेल तर प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका मर्यादेपलीकडे सेलच्या आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. मग ती थांबवणे कोणाच्याही हातात राहत नाही. सेल भडकतो, ज्वाळा आणि विषारी वायू बाहेर पडतात, कधी धातूचे कवच गोळीसारखे उडते.

हे केवळ पुस्तकातले भय नाही. अमेरिकेत मे २०१८ मध्ये फ्लोरिडा राज्यात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास राज्यात ई-सिगारेटचा स्फोट होऊन एकेक माणूस दगावला. टेक्सासमधला तरुण जेमतेम चोविशीचा होता आणि उडालेल्या तुकड्याने त्याच्या मेंदूकडे जाणारी मानेतील रक्तवाहिनी चिरली होती. मृत्यू क्वचित होतात, भाजणे मात्र त्या मानाने बरेच जास्त. यंत्र खिशात असताना पेटले तर मांडी आणि जननेंद्रियाचा भाग भाजतो, हातात असताना पेटले तर बोटे जातात, तोंडात असताना फुटले तर दात आणि जबडा. या जखमांत आगीबरोबर सेलमधील रसायनेही असतात, त्यामुळे त्या दिसतात त्याहून खोल जातात. इस्लापूरसारख्या गावात असे घडले, तर त्वचारोपणाची सोय असलेले रुग्णालय गाठण्यासाठी नांदेडपर्यंतचा लांबचा प्रवास करावा लागेल, हेही विसरता येत नाही.

दुसरा प्रश्न तारेचा आणि जोडणीचा. इस्त्री किंवा शेगडीत वापरतात ती नायक्रोमची तार म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. जोड पक्के करायला वापरतात त्या झाळण्याच्या धातूत कथिलाबरोबर अनेकदा शिसे असते. इस्त्री तापली तर हे धातू इस्त्रीतच राहतात. इथे मात्र तापलेल्या तारेवरून गेलेला द्रव थेट छातीत जातो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज ई-सिगारेट ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रे तपासली. बाटलीतल्या मूळ द्रवात धातू अगदी कमी होते. तोच द्रव यंत्रातून गेल्यावर निघालेल्या फवाऱ्यात शिसे, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज यांचे प्रमाण कितीतरी वाढलेले आढळले. ही तर विकत घेतलेली, कारखान्यात बनलेली यंत्रे होती. भंगारातल्या तारेचे आणि कामचलाऊ झाळकामाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. शिसे वाढत्या वयातल्या मेंदूला आणि रक्ताला घातक असते. निकेल आणि क्रोमियमची काही संयुगे श्वासावाटे दीर्घकाळ गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न द्रवाचा. इथे कापूस पिकवणाऱ्या भागातल्या लोकांना वेगळे उदाहरण द्यायची गरज नाही. निकोटिन हे मुळात कीटकनाशक आहे. तंबाखूचे झाड ते तयार करते तेच किडीपासून बचावासाठी. तंबाखूचा काढा पिकावर मारण्याची रीत शेतकऱ्यांना माहीत आहे. कापसावर मारले जाणारे इमिडाक्लोप्रिड ज्या गटात मोडते, त्या गटाचे नावच निओनिकोटिनॉइड, म्हणजे नव्या प्रकारचे निकोटिनसारखे द्रव्य, असे आहे. घरी तंबाखूपासून काढलेल्या किंवा कुठून तरी मिळवलेल्या द्रवात निकोटिन किती आहे, हे प्रयोगशाळेशिवाय कोणालाही सांगता येत नाही. ते त्वचेतूनही शोषले जाते. बाटली हातावर सांडली तरी मळमळ, घाम आणि धडधड सुरू होऊ शकते. घरातल्या लहान मुलाने घोटभर प्यायले तर जीव जाऊ शकतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २०१४ साली एका वर्षभराच्या बाळाचा असाच मृत्यू झाला.

पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. २०१७ च्या खरीप हंगामात तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, असे गावोगावी सांगितले गेले. ज्या भागाने उघड्या शेतातल्या फवाऱ्याची ही किंमत मोजली, त्याच भागातल्या मुलाने अज्ञात द्रवाचा फवारा मुद्दाम छातीत ओढावा, यातली विसंगती त्याला समजावून सांगितली तर ती नक्की पोहोचेल.

निकोटिन नको, नुसते ग्लिसरीन आणि सुवास वापरू, असेही काही मुले म्हणतात. ग्लिसरीन निरुपद्रवी, असा समज घराघरात आहे. त्याला महाराष्ट्रानेच एक कडू उत्तर दिलेले आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना औषध म्हणून ग्लिसरीन देण्यात आले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतले दोष उघड केले. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही गोड. डोळ्यांनी किंवा चवीने फरक ओळखता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००९ साली तपासलेल्या ई-सिगारेटच्या एका काडतुसातही हेच रसायन सापडले होते. मोठ्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे ओळखता आले नाही, ते घरात बसून ओळखू, असे कोणी समजू नये.

सुवासाचेही तसेच. आइस्क्रीम, सरबत किंवा मिठाईत घालायचे अर्क खाण्यासाठी मान्य केलेले असतात. फुप्फुसावर त्यांचा काय परिणाम होतो, हे पाहून ती मान्यता दिलेली नसते. लोण्याचा वास देणारे डायअसेटिल खाल्ले तर त्रास होत नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यात २००० साली मक्याच्या लाह्या बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या आठ कामगारांना मात्र त्याच्या वाफांमुळे श्वासनलिकांच्या बारीक फांद्या कायमच्या बंद करणारा आजार झाल्याचे लक्षात आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या तपासणीत ई-सिगारेटच्या ५१ सुवासांपैकी ३९ मध्ये तेच डायअसेटिल आढळले.

या सगळ्यावर शिक्कामोर्तब केले ते २०१९ च्या साथीने. अमेरिकेत धडधाकट तरुण अचानक दम लागून रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले होते, त्यातले ६८ दगावले. बहुतेकांनी अनधिकृत मार्गाने मिळालेली, गांजातील अमली घटक असलेली काडतुसे वापरली होती. आजारी फुप्फुसातले पाणी तपासले तेव्हा ५१ पैकी ४८ रुग्णांत ई जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप सापडले. द्रव दाट दिसावा म्हणून कोणी तरी ते मिसळले होते. हे जीवनसत्त्व गोळीतून पोटात जाते, मलमातून त्वचेवर लागते, त्याने काही बिघडत नाही. तापवून छातीत ओढल्यावर मात्र त्याने माणसे मारली.

या घटनांतून एकच साधा नियम निघतो. जे गिळायला चालते ते ओढायला चालतेच असे नाही. पोटात गेलेल्या पदार्थाला आधी जठरातले आम्ल भेटते, मग यकृत त्याची छाननी करते, नको असेल तर उलटी होते. फुप्फुसात असा नाकेदार नाही. तिथे कोट्यवधी वायुकोश आहेत, त्यांची भिंत केसापेक्षाही कित्येक पट पातळ आहे आणि पलीकडे लगेच रक्त आहे. ओढलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तसेच बाकीचेही आत जाते. तेलाचा थेंब मात्र तिथेच अडकून दाह निर्माण करतो.

या आजारांचा आणखी एक अवघड भाग म्हणजे ते ओळखू येत नाहीत. २०१९ च्या साथीतल्या रुग्णांची लक्षणे होती खोकला, ताप, दम, छातीत दुखणे आणि अनेकांना उलट्या. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरे डाग. ग्रामीण भागात असा रुग्ण आला की डॉक्टरांच्या मनात न्यूमोनिया किंवा क्षयरोग येतो, आणि ते बरोबरच आहे. ई-सिगारेटमुळे झालेली इजा दाखवणारी कोणतीही एक रक्तचाचणी नाही. निदान होते ते प्रश्न विचारूनच. निकोटिनच्या विषबाधेतही उलट्या, लाळ, घाम, थरथर ही लक्षणे असतात, आणि शेतीच्या भागात ती पाहून पहिला संशय कीटकनाशकाचा येतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी चौदा-पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक अशा रुग्णाला, आईवडिलांना थोडे बाहेर बसवून, शांतपणे एक प्रश्न विचारायला हवा : "काही ओढतोस का रे? घरी बनवलेले काही?" उत्तर खरे यायचे असेल तर विचारणाऱ्याचा आवाज पोलिसाचा असून चालणार नाही.

इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी डॉक्टरच ई-सिगारेट सुचवतात, हा युक्तिवाद हल्ली मुलेही करतात. त्यात तथ्य आहे. जळत्या सिगारेटच्या धुरापेक्षा ती कमी घातक मानली जाते आणि काही प्रौढांना तिची मदत होते, असे पुरावे आहेत. पण तिथे द्रवात निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ठेवता येत नाही, टाकीचा आकार ठरलेला आहे, प्रत्येक उत्पादनाची नोंद करावी लागते आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती विकता येत नाही. तो सल्ला वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी आहे. आजवर काहीच न ओढलेल्या मुलाला आणि कसलीच तपासणी न झालेल्या घरगुती यंत्राला तो लागू होत नाही.

भारताने वेगळा रस्ता निवडला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. द्रवात निकोटिन असो वा नसो, यंत्र कायद्याच्या कक्षेत येते, आणि सुटे भाग जुळवणे हीसुद्धा निर्मितीच ठरते. नुसत्या ओढणाऱ्यासाठी या कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. म्हणजे गंमत म्हणून मित्रांसाठी दोन-चार नग बनवणारा मुलगा ओढणाऱ्यापेक्षा मोठ्या अडचणीत येऊ शकतो. हे मुलांना आणि त्यांना सेल, तार पुरवणाऱ्या दुकानदारांना माहीत असायला हवे.

मात्र कायद्याने दुकान बंद होते, कुतूहल बंद होत नाही. किनवटच्या मुलाला पकडून चोप देण्याने ते यंत्र फक्त दप्तरातून गोठ्यात जाईल. शिवाय घरातल्या मोठ्यांनी आधी स्वतःकडे पाहावे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या संपलेल्या नाहीत. गालात खर्रा धरून मुलाला ई-सिगारेटवर उपदेश करणाऱ्या बापाचे शब्द मुलाच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. या मुलांच्या हाती पहिली तंबाखू बहुधा ओळखीच्याच कोणाकडून येते.

तेव्हा करण्यासारख्या गोष्टी अशा. दुरुस्तीवाल्यांनी लिथियमचा सुटा सेल शाळकरी मुलाला देऊ नये. फुगलेला किंवा दबलेला सेल तर कोणालाच देऊ नये. शाळेत विद्युतधारेचा उष्णता परिणाम शिकवतानाच शिक्षकांनी सुट्या सेलचा धोका सांगावा, कारण मुले तो धडा नेमक्या त्याच वेळी लक्ष देऊन ऐकत असतात. भाजल्यास टूथपेस्ट, हळद किंवा शाई न लावता, कपडा चिकटला नसेल तर काढून, तो भाग किमान वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा आणि दवाखाना गाठावा. कोणी अज्ञात द्रव प्यायले तर उलटी काढण्याच्या फंदात न पडता बाटलीसह रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. आणि ज्याला सवय लागलीच आहे, त्या मुलाने वा त्याच्या वडिलांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक सरकारी जिल्हा रुग्णालयांतही समुपदेशन मिळते.

भंगारातून चालणारे यंत्र उभे करणारा मुलगा हुशार असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याला तो हात वापरायला बंद पडलेला फवारणी पंप द्यावा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जागा द्यावी, आयटीआयचा रस्ता दाखवावा. पंप चुकीचा जुळला तर उघडून पुन्हा जुळवता येतो. फुप्फुसाचे सुटे भाग मिळत नाहीत.